भिंत आहे, मग कुंपण कशाला?

पत्र : सहा महिन्यांपूर्वी आम्ही एक जुनं घर विकत घेतलं. मागच्या अंगणात आधीच्या मालकांनी बांधलेला स्विमिंग पूल आहे, साधारण नऊ मीटर लांब आणि चार मीटर रुंद. अंगणाला तिन्ही बाजूंनी दीड मीटरची पक्की भिंत आहे, चौथ्या बाजूला आमचं घर. शेजारच्या बाईंचा मुलगा तीन वर्षांचा. एकदा त्या आमच्याकडे आल्या, आम्ही दोघी पुढच्या खोलीत बोलत बसलो होतो, आणि मुलगा मागच्या सरकत्या दारातून बाहेर जाऊन पुलाच्या काठावर पाय सोडून बसलेला सापडला. काही झालं नाही, पण त्या हादरल्या. ‘पुलाला कुंपण घाला’ असं दोन-तीनदा म्हणाल्या. आमचे यजमान म्हणाले, आमच्या घरात लहान मूल नाही, भिंत आहे, तुमचं मूल तुम्ही सांभाळा. पंधरा दिवसांत स्थानिक बांधकाम खात्याची नोटीस आली : तीस दिवसांत पुलाभोवती नियमाप्रमाणे कुंपण घाला आणि वीजजोडणी तपासून घ्या. तक्रार शेजारणीनेच केली अशी यजमानांची खात्री झाली आहे, तेव्हापासून बोलणं बंद. त्यातच सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी वरच्या गच्चीवर हॉट टब बसवायचा ठरला आहे, आगाऊ पैसेही दिलेत. यजमान म्हणतात, टबाला झाकण असतं, त्याला कसला आलाय नियम! कुंपण खरंच लागतं का? टबाला परवानगी लागते का? आणि शेजारणीचं मी काय करू?
— दोन्हीकडून भिजलेली

ताई, कुंपण लागतं. नोटीस आली नसती तरी हेच सांगितलं असतं.

यजमानांचा मुद्दा मला नवा नाही. घरगुती पुलांचे नकाशे तपासायचं आणि जागेवर जाऊन पाहणी करायचं काम मी बरीच वर्षं केलं. ‘भिंत आहे की!’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की अंगणात पाऊल टाकताच ते कोण म्हणणार हेही ओळखू यायचं. भिंत असतेच. पण तुमच्या पत्रातली हकीकत पुन्हा वाचा. शेजारणीचा मुलगा भिंत चढून आला नव्हता. तो पुढच्या दाराने, आईचं बोट धरून, पाहुणा म्हणून आला आणि मागच्या दाराने पाण्यापाशी गेला. तुमची भिंत चोराच्या विचाराने बांधलेली आहे. मूल आधीच घरात असतं.

म्हणूनच पुलांच्या नियमांचा सगळा रोख घर आणि पाणी यांच्यामधल्या जागेवर असतो. काही ठिकाणी घराची भिंत अडथळ्याची एक बाजू म्हणून चालते, पण मग त्या भिंतीतल्या प्रत्येक दाराला अलार्म हवा, किंवा ते आपोआप बंद होऊन अडकणारं हवं, अशा अटी येतात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये नव्या पुलांना तीही मुभा नाही. घरातून थेट पुलाकडे उघडणारं दारच नको, मध्ये स्वतंत्र कुंपण हवं. सरकतं दार हे तर माझ्या अनुभवात सगळ्यात बेभरवशाचं. हवेसाठी वीतभर उघडं ठेवतात आणि विसरून जातात.

‘आमच्या घरात मूल नाही’ हाही मुद्दा इथेच गळून पडतो. त्या दिवशी तुमच्या घरात मूल होतंच.

एक गोष्ट यजमानांना शांतपणे सांगा. लहान मूल बुडतं तेव्हा ओरडत नाही, हातपाय आपटत नाही. तोंड पाण्याखाली गेलेलं असताना आवाज फुटतच नाही. चार ते सहा मिनिटं मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर कायमची इजा व्हायला लागते. एक फोन घ्यायला, दारावरच्या माणसाशी बोलायला तेवढा वेळ सहज जातो. अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंत बुडणं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे, रोगांच्याही वर. ‘आम्ही लक्ष ठेवतो’ म्हणणारे पालक तिथेही आहेतच. नियम करणाऱ्यांनी हे गृहीत धरलंय की लक्ष कधी ना कधी उडणार, आणि त्या वेळी दुसरं काहीतरी मध्ये उभं असलं पाहिजे.

आता कुंपण कसं असावं ते. नोटिशीबरोबर तुमच्या भागातल्या नियमांचा उतारा किंवा क्रमांक दिलेला असेल. अंतिम मापं तिथली धरायची. पण देशोदेशीचे नियम या बाबतीत आश्चर्य वाटावं इतके एकमेकांजवळ येतात, कारण मोजायचं असतं ते लहान मुलाचं शरीर, आणि ते सगळीकडे सारखंच. उंची साधारण १.२ मीटर. दोन उभ्या गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी, म्हणजे डोकं आत जाऊ नये. खालून सरपटता येऊ नये म्हणून जमिनीपासूनची फटही तितकीच किंवा त्याहून कमी. आडव्या पट्ट्या असतील तर त्या पायरीसारख्या वापरता येणार नाहीत अशा. ऑस्ट्रेलियात कुंपणाभोवतीचा ९० सेंटिमीटरचा पट्टा असा मोकळा ठेवावा लागतो की त्यात पाय ठेवून चढता येईल असं काहीही नसावं : कुंडी नाही, पंपाची पेटी नाही, झाडाची फांदी नाही. तिथे आवाराची भिंतच पुलाचं कुंपण म्हणून धरायची असेल तर ती १.८ मीटर उंच लागते. तुमची दीड मीटरची आहे, म्हणजे त्या तीन बाजूही आपोआप चालतील असं धरू नका. अधिकाऱ्यांना विचारा.

कुंपणापेक्षा जास्त वेळ मी फाटकावर घालवायचो. कुंपण एकदा उभं राहिलं की राहतं. फाटक रोज दहा वेळा उघडतं. ते बाहेरच्या बाजूला, पाण्यापासून लांब उघडायला हवं, म्हणजे मूल ढकलत राहिलं तर ते उघडण्याऐवजी बंदच होईल. कितीही कमी उघडलं तरी हात न लावता आपलं आपण मिटलं पाहिजे आणि खटका पडला पाहिजे. खटका जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर, नाहीतर पुलाच्या आतल्या बाजूला, मुलाचा हात वरून किंवा गजांमधून पोचणार नाही असा. तपासायची पद्धत सोपी : फाटक पूर्ण उघडून सोडा, मग फक्त चार बोटं उघडून सोडा. पहिल्या परीक्षेत जवळपास सगळी फाटकं पास होतात, दुसरीत निम्मी नापास. स्प्रिंग ढिली पडलेली असते, बिजागरी गंजलेली असते किंवा फाटकाचा पल्ला खाली ओघळलेला असतो.

आणि विटा! एका घरी उत्तम कुंपण, उत्तम फाटक, सगळी मापं चोख, आणि फाटकाला आतून वीट लावून ठेवलेली. ‘ये-जा करायला बरं पडतं’ म्हणाले. दुसऱ्या एका घरी कुंपणाला टेकून प्लास्टिकची खुर्ची. ती मीच उचलून लांब ठेवली आणि पाहणी संपेपर्यंत घरातल्या कुणीतरी ती परत आणून ठेवली होती. तुमच्या घरी हे होणार नाही याची जबाबदारी यजमानांवर सोपवा. ज्याने कुंपणाला विरोध केला त्याच्याकडेच फाटक दिलं की तो ते फार मन लावून सांभाळतो, हे मी पाहिलंय.

‘पूल जुना आहे, तेव्हा हे नियम नव्हते’ असं कुणी सुचवेल. त्यावर विसंबू नका. बांधकामाच्या इतर बाबतीत जुन्याला सूट मिळते, पण पाण्याच्या बाबतीत अनेक ठिकाणी कायदा मुद्दाम मागे जातो. फ्रान्सने २००३ साली कायदा केला की जमिनीत बांधलेल्या खासगी पुलाला कुंपण, अलार्म, सुरक्षा आच्छादन किंवा वरून बंदिस्त छत यांपैकी एक तरी हवंच. नवीन पुलांना तो २००४पासून लागू झाला आणि आधीपासून असलेल्या सगळ्यांना १ जानेवारी २००६पर्यंतची मुदत मिळाली. न्यू साउथ वेल्समध्ये २०१६पासून पूल असलेलं घर विकताना तो नियमात बसतो की नाही याचं प्रमाणपत्र व्यवहाराला जोडावं लागतं, आणि बसत नसेल तर घेणाऱ्याला दुरुस्तीसाठी ९० दिवस मिळतात. तुम्ही घर घेतानाचे कागद काढून पाहा. पुलाची मूळ परवानगी त्यात नसेल तर कुंपणाच्या अर्जाबरोबरच पूल नियमित करून घ्या. पुढे विकायची वेळ आली की हाच कागद शोधावा लागतो.

विजेचं थोडक्यात सांगतो, कारण हे काम तुम्ही करायचंच नाही. परवानाधारक तंत्रज्ञाने करायचं. पुलाचा पंप, दिवे आणि जवळपासचे सगळे सॉकेट विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या यंत्रणेवर, म्हणजे ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीवर हवेत. पुलाजवळचे सगळे धातूचे भाग, शिडी, कठडा, पंपाचं आवरण, एकमेकांना तारेने जोडून अर्थिंग केलेले हवेत. बरेच देश ज्या मापदंडावर चालतात त्यात काठापासून पहिले दोन मीटर सगळ्यात कडक बंधनांचे असतात. आधीच्या मालकांनी काठाजवळच्या भिंतीवर साधा सॉकेट बसवला असेल तर तो आजच बंद करा, तीस दिवस थांबू नका.

त्याच माणसाला आणखी एक गोष्ट बघायला सांगा, कारण जुन्या पुलात ती हटकून सापडते : तळाची जाळी. पंप जिथून पाणी ओढतो ते तोंड एकच असेल आणि त्यावरची जाळी सपाट, जुनी किंवा तुटकी असेल, तर त्या ओढीत केस, हात किंवा अख्खं शरीर चिकटून बसू शकतं. २००२ साली अमेरिकेत व्हर्जिनिया ग्रॅम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या तळाशी अशीच अडकली. तिला पोहता येत होतं. आईने ओढून पाहिलं, जमलं नाही. शेवटी दोन माणसांनी मिळून ओढलं तेव्हा जाळी तुटून ती सुटली, पण उशीर झाला होता. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात. तिच्या नावाने तिथे २००७मध्ये कायदा झाला, आणि सपाट जाळ्या जाऊन घुमटाकार, ओढ विभागणाऱ्या जाळ्या आल्या. उपाय अवघड नाही : प्रमाणित जाळी, आणि एका पंपाला ओढीची दोन तोंडं, एकमेकांपासून निदान ९० सेंटिमीटर लांब, म्हणजे एक झाकलं गेलं तरी दुसऱ्यातून पाणी येत राहील.

मुलगी हॉट टबमध्ये अडकली होती, हे यजमानांना मुद्दाम ऐकवा. ‘टबाला कसला नियम’ याचं उत्तर त्यात आहे.

पण तुमच्या टबाच्या बाबतीत मला पहिली काळजी वेगळीच वाटते. तुम्ही तो गच्चीवर बसवताय! दोन मीटर लांब-रुंद टबात साधारण पंधराशे लिटर पाणी मावतं, म्हणजे दीड टन. टबाचं स्वतःचं वजन आणि चार माणसं धरली की दोन टन, तेही चार चौरस मीटर जागेवर. चौरस मीटरला पाचशे किलो झाले. राहत्या घराचा मजला बांधताना माणसं आणि सामान यांचा सर्वसाधारण हिशेब चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलोचा असतो. गच्चीचा हिशेब कधी थोडा जास्त असतो, कधी नसतो, आणि जुन्या घराचा तर कागदच सापडत नाही. विकणाऱ्याने ‘सगळे बसवतात’ असं सांगितलं असेल. त्याचं काम विकायचं. स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती मिळेपर्यंत टब गाडीतून उतरवून घेऊ नका. बांधकाम खातंही परवानगी देताना हाच कागद मागेल. गच्ची पेलणार नसेल तर टब खाली अंगणात न्या, पक्क्या ओट्यावर. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रोज जिना चढवून गच्चीवर नेण्यापेक्षा, सासूबाईंच्या बाजूने पाहिलं तर, तेच बरं नाही का?

झाकणाबद्दल यजमान अर्धे बरोबर आहेत. बऱ्याच ठिकाणी हॉट टबाला कुंपणातून सूट मिळते, पण झाकण कुलूपबंद, ठरलेल्या मापदंडाचं आणि वापर नसताना कायम लावलेलं असेल तरच. न्यूझीलंडने अट आणखी नेमकी केली आहे : पाण्याचा पृष्ठभाग पाच चौरस मीटरच्या आत आणि टबाच्या कडा जमिनीपासून निदान ७६ सेंटिमीटर वर, तेव्हाच झाकणावर भागतं. ओट्यात किंवा फरशीत खोल बसवलेल्या टबाला ती सूट नाही. म्हणून अंगणात आणाल तर जमिनीत पुरू नका, वर ठेवा. नाहीतर तो पुलाच्याच कुंपणाच्या आत घ्या. एका फाटकात दोन्ही कामं होतील.

टबाच्या पाण्याबाबत घरगुती टबांना नियम फारसे नसतात, तरी एवढं पाळा. तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर कधीही नाही. सासूबाईंना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे. गरम पाण्यात क्लोरिन झपाट्याने उडून जातं, म्हणून पुलात लिटरमागे किमान एक मिलिग्रॅम चालतं तिथे टबात तीन लागतं. आम्लता, म्हणजे पीएच, ७.२ ते ७.८च्या दरम्यान ठेवायची. याकडे दुर्लक्ष केलं तर कोमट फेसाळ पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि बुडबुड्यांच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. १९९९मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हनकार्सपेल इथल्या फुलांच्या प्रदर्शनात विक्रीसाठी मांडलेल्या टबाने हेच केलं; तीसहून अधिक माणसं दगावली, आणि त्यांतली बहुतेक टबाच्या नुसती बाजूने गेली होती. वयस्कर माणसाला हा आजार जास्त कडक येतो. टब घेताय सासूबाईंसाठी, तेव्हा पाणी तपासायच्या पट्ट्याही त्याच दिवशी घ्या.

आता शेजारीण. तक्रार त्यांनीच केली, हे तुम्हाला कुणी सांगितलं? पूल शोधायला आजकाल शेजारी लागत नाही. फ्रान्सच्या करखात्याने हवाई छायाचित्रं संगणकाला तपासायला दिली आणि २०२२पर्यंत नुसत्या नऊ विभागांत न नोंदवलेले वीस हजारांहून अधिक पूल शोधून काढले. नळाच्या पाण्याचा वापर, घर विकल्याची नोंद, गच्चीवर टब बसवायला आलेल्या दुकानदाराची चौकशी, नोटिशीला वाटा पुष्कळ असतात.

आणि समजा त्यांनीच केली. तरी मी त्यांच्या बाजूने आहे. दोन-तीनदा तोंडाने सांगून पाहिलं, उत्तर मिळालं ‘तुमचं मूल तुम्ही सांभाळा’. काठावर पाय सोडून बसलेलं आपलं मूल डोळ्यांनी पाहिलेल्या आईने यानंतर गप्प बसायचं का? यजमानांना हे जरा कडवट लागेल, माझी हरकत नाही.

तुम्ही त्यांच्याकडे जा, यजमानांना घेऊन जायची वाट बघू नका. माफीचं मोठं प्रकरण करू नका, आणि तक्रारीचा विषय तर काढूच नका. ‘त्या दिवशी दार माझ्याकडून उघडं राहिलं, कुंपणाचं काम लावतेय’ एवढं बोला. कामाला दोन-तीन आठवडे जातील. तोवर सरकत्या दाराला वर, हात पोचणार नाही अशी कडी लावून घ्या आणि लावलीय हे त्यांना दाखवा. पंपाच्या आवाजाचा त्यांना त्रास होतो का, हेही विचारा. रात्री पंप चालवायला अनेक ठिकाणी वेळेची बंधनं असतात आणि ही तक्रार पुढे येण्याआधीच मिटलेली बरी. तुमचं घर सोसायटीच्या किंवा वसाहतीच्या नियमांत येत असेल तर तिचे नियम स्थानिक नियमांपेक्षा कडक असू शकतात, आणि तेव्हा दोन्ही पाळावे लागतात.

नोटिशीला मुदत संपायची वाट न पाहता लेखी उत्तर द्या : कुणाला काम दिलं, कधी संपेल, वीजतपासणी कुठल्या तारखेला. काम खोळंबलं तर मुदतवाढ मागा, पण मुदत संपायच्या आत मागा. मी टेबलाच्या पलीकडे बसलो होतो तेव्हा पत्र पाठवणाऱ्याला दंड लावावासा सहसा वाटायचा नाही. तोंडी ‘करतो, करतो’ म्हणणाऱ्याला वाटायचा.

ता. क. : तळाची जाळी बदलायला पूल रिकामा करायला लागेल. दोन गोष्टी त्याआधी. जमिनीखालचं पाणी वर असेल, विशेषतः पावसाच्या दिवसांत, तर रिकामा पूल होडीसारखा खालून उचलला जातो आणि फुटतो. म्हणून ठेकेदाराने पाण्याची पातळी पाहिल्याशिवाय एक बादलीही उपसू देऊ नका. आणि ते पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडायचं नाही. ते गटार बहुधा शुद्धीकरण न होता थेट ओढ्याला मिळतं, आणि लिटरला दशांश मिलिग्रॅम क्लोरिनही माशांना सोसत नाही. काही दिवस क्लोरिन टाकणं थांबवा, पट्टीवर शून्य येऊ द्या, मग सांडपाण्याच्या वाहिनीत किंवा बागेत, जिथे तुमचं खातं परवानगी देईल तिथे.